केर राहू द्या

१

दर रविवारी सकाळी चहा झाला की नीलिमा आधी नवऱ्याचा मोबाइल चार्जिंगला लावायची आणि मग अंघोळीला जायची. नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण मोबाइलला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्यावर जयराजना अजून कर्ज मिळत होतं, चष्म्यावर सूट मिळत होती, वाढदिवसाला तर शुभेच्छांची नुसती रीघ लागली होती. माणूस हयात असताना एवढी विचारपूस कुणी केली नव्हती. मुलगी शिवांजली पुण्याहून सांगायची, आई, तो नंबर आता बंद कर. नीलिमा हो म्हणायची आणि रिचार्ज मारायची.

त्या रविवारी आलेला मेसेज हॉटेलवाल्यांचा होता. जयराजजी, बरेच दिवसांत आला नाहीत, आम्ही तुमची वाट पाहतोय. तुमचे पॉइंट महिनाअखेरीस संपतील, त्याआधी दोन रात्रींचा मुक्काम आमच्याकडून. जयराज फौजेतून निवृत्त झाल्यावर ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत लागले होते. आठवड्यातले काही दिवस तासगावच्या द्राक्षबागा आणि आटपाडीची डाळिंबं पालथी घालायची आणि मुक्कामाला सांगलीत ठरलेल्या एकाच हॉटेलात यायचं, असा त्यांचा क्रम होता. हॉटेल जुनंच, पण एका मोठ्या कंपनीनं त्याच्यावर आपला बोर्ड लावला होता, म्हणून प्रत्येक मुक्कामाचे पॉइंट जमायचे. ही पण नोकरी सोडली की तुला सगळीकडं फुकटात फिरवतो, असं ते नीलिमाला म्हणायचे.

तिला फिरायचं नव्हतं. तिला त्या हॉटेलात एक गोष्ट विचारायची होती.

सांगलीहून साताऱ्याला घरी यायला निघालेल्या जयराजची गाडी आष्ट्याजवळ दिवेलागणीला उसाच्या उभ्या ट्रॉलीवर गेली, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण गाडीचं तोंड साताऱ्याकडं नव्हतं, सांगलीकडं होतं. घरी निघालेला माणूस वाटेतून माघारी वळला होता. दीर वीरधवल ती जागा बघून आला होता, आणि तेराव्याची माणसं पांगल्यावर त्यानं हळूच विचारलं होतं, "वैनी, दादा माघारी कशापायी वळला हुता?" नीलिमाकडं उत्तर नव्हतं. आपल्याकडं उत्तर नसलं की भावकी ते तयार करून देते. सांगलीत कोणीतरी होती, अशी कुजबुज सुरू झाली. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण मग तो प्रश्न तिच्याही मनात शिरून बसला. नवऱ्यासाठी रडायला बसावं तर तो मधेच आडवा यायचा आणि रडू तिथंच अडायचं. दीड वर्षात ती एकदाही पोटभर रडली नव्हती.

नीलिमा शिकवायची त्या शाळेला मेची सुट्टी लागली. नवऱ्याच्याच मोबाइलवरून, नवऱ्याच्याच नावानं तिनं खोली घेतली, घराला कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं आणि सांगलीची गाडी पकडली.

२

हॉटेल पेठेच्या ऐन गर्दीत होतं. एका अंगाला भांड्यांची दुकानं, दुसऱ्या अंगाला हळदीचं गोदाम, आणि वर तो चकचकीत बोर्ड, म्हातारीला नवी नथ घातल्यासारखा. आत मात्र सगळं जुन्या वळणाचं. महापुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून दिसत होती आणि ती झाकायला टांगलेलं कॅलेंडर नेमकं वीतभर खाली आलं होतं. लिफ्टच्या जाळीला साखळी होती. काउंटरवर डायल फिरवायचा काळा फोन होता, आणि तो पुसून लख्ख ठेवला होता.

मालक उदयसिंह स्वतः काउंटरला बसले होते. त्यांनी जयराज कणसे हे नाव वाचलं आणि उभेच राहिले. कणसे सायेब व्हय, लय दिस झालं की, असं म्हणत ते नीलिमाच्या खांद्यावरून दाराकडं बघायला लागले.

नीलिमानं बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं: ते वारले, मी त्यांची पत्नी, मला एक विचारायचं आहे. पण दीड वर्षात त्यांचं नाव ऐकून कुणाचा चेहरा असा उजळलेला तिनं पाहिला नव्हता. त्यांचं नाव निघालं की माणसं खाली बघायची. हा माणूस दाराकडं बघत होता.

"सायेब कुठं राह्यलं?"

"येतायत मागून," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेला तो गेला. जन्मभर मुलांना गणित शिकवलेली, आकडा चुकला तर पानभर खोडून पुन्हा मांडायला लावणारी बाई. पण हे वाक्य तिनं खोडलं नाही. उदयसिंह खूश झाले. मग खोली तीच द्यायची, ते म्हणाले, ठेवलीयच ती.

३

खोली दुसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. दार उघडून द्यायला धोंडुबाई आली. हॉटेल उघडल्यापासून खोल्यांचं सगळं तीच बघायची, असं उदयसिंहांनी खालीच सांगितलं होतं. तिनं कुलूप काढलं, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. बाहेरूनच दोन टॉवेल दिले. ह्यो तुमचा, ह्यो सायबांचा, म्हणाली आणि गेली.

नीलिमा आत गेली आणि तिच्या चपलेचा ठसा फरशीवर उमटला. धूळ होती, आणि ती एक-दोन दिवसांची नव्हती. पलंगाखाली, कपाटापुढं, खिडकीच्या कट्ट्यावर, सगळीकडं तिचा मऊ थर होता. चादर एका बाजूनं चुरगळलेली होती. उशीला मधोमध खड्डा होता. कुणीतरी नुकतंच उठून तोंड धुवायला गेलं असावं, तशी ती खोली होती. टेबलावर कागदाची एक पुडी सुतळीनं बांधून ठेवली होती. हॉटेलची भेट असेल, असं नीलिमाला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की टेबलावर धूळ आहे आणि पुडीवर नाही.

पर्समध्ये जयराजचा मोबाइल वाजला. जयराजजी, खोलीबद्दल तुमचं पहिलं मत काय? तारे देऊन सांगा.

तिनं बेल दाबली. धोंडुबाई धुतलेली चादर घेऊन आली. ह्या खेपेला ती आत आली, पण कडेकडेनं, धूळ मोडणार नाही अशी पावलं टाकत. चादर बदलली, उशीला हात लावला नाही. नीलिमानं केराचं विचारलं.

"केराचं तेवढं म्हणू नका वैनी. केर ऱ्हाऊ द्या."

मग तिनं सांगितलं. उदयसिंहांच्या आईनं हॉटेल काढलं तेव्हापासूनचा नेम होता. गावाला गेलेल्या माणसाच्या पाठोपाठ केर काढायचा नसतो, हे घराघरात पाळतात. मग हॉटेलातून गेलेला माणूस काय कुणाच्या घरचा नसतो? म्हणून इथला पाहुणा निघाला की त्यानं आपल्या गावी पोचल्यावर काउंटरला एक रिंग द्यायची आणि ठेवून द्यायचं. रिंग आली की धोंडुबाई केरसुणी हातात घ्यायची. तासा-दोन तासांचा प्रश्न असायचा.

नीलिमालाही ती रीत माहीत होती. पाठोपाठ केर कधी काढतात, तेही माहीत होतं. तिच्या दारात दीड वर्षापूर्वी तिरडी उचलल्याबरोबर जावेनं केरसुणी घेतली होती, आणि तो आवाज अजून तिच्या कानांत होता.

"मग ह्या खोलीची रिंग?" तिनं विचारलं.

"आली न्हाई अजून," धोंडुबाई म्हणाली.

नीलिमानं धीर केला आणि बाकीचंही विचारलं. साहेबांकडं इथं कुणी यायचं का? एखादी बाई? धोंडुबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. कोण येतंय, ती म्हणाली, बाग आन् डाळिंबावरचं डाग, दुसरं काय बोलणं न्हाई त्यांचं. पण घरी निघताना दोनदा बाजारात जाऊन यायचं, लय नादी माणूस. कशाला जायचे, ते विचारायच्या आधी तिला खालून हाक आली. नीलिमाच्या मनात आलं, दोनदा कशाला? कुणासाठी?

४

दिवे लागले. गल्लीत शटरं वर-खाली होत होती, देवळाची घंटा वाजत होती, गोदामातून हळदीचा उग्र वास वर येत होता. नीलिमा खुर्चीत बसून होती. पलंगाच्या चुरगळलेल्या बाजूला बसायचं तिनं टाळलं होतं, आणि का टाळलं हे स्वतःला विचारायचंही टाळलं होतं.

जिन्यावर पाऊल वाजलं.

एक पाऊल पक्कं पडत होतं, दुसरं ओढत होतं. मधल्या वळणावर ते थांबलं आणि घसा खाकरल्याचा आवाज आला. मग पुन्हा एक पक्कं, एक ओढतं. जयराजचा डावा गुडघा सियाचीनमधून आल्यापासून धरायचा. अख्ख्या कॉलनीला त्यांची चाल माहीत होती. नीलिमा तर कुकरची शिट्टी चालू असताना ती ओळखायची आणि पाण्याचा तांब्या भरायची.

दुसरा कुणी लंगडा माणूस नसेल का, तिनं स्वतःला समजावलं. म्हाताऱ्या हॉटेलात म्हातारी माणसं उतरायचीच, आणि गुडघे काय फक्त आपल्या नवऱ्याचेच दुखतात? पावलं बोळातून सरळ आली आणि तिच्या दारासमोर थांबली. दाराखालच्या फटीतला उजेड दोन ठिकाणी तुटला. दार वाजलं नाही. कडी हलली नाही. कुणीतरी बाहेर नुसतं उभं होतं, घरच्या माणसाला आपण आलोय हे कळलंच असणार, अशा थाटात.

तिला उठायचं होतं. ती त्या फटीकडं बघत बसून राहिली. बऱ्याच वेळानं पावलं माघारी गेली, आणि जाताना ती फार थकलेली होती. तिनं खाली जाऊन उदयसिंहांना विचारलं की वरच्या मजल्यावर दुसरं कोण उतरलंय. कुणी न्हाई, ते म्हणाले. आणि तिच्याकडं न बघता एवढंच बोलले की दिवेलागणीला ते वर जात नाहीत.

५

सकाळी चहाचे दोन कप आले. त्यातल्या एकाकडं बघत नीलिमा बराच वेळ बसली आणि मग दोन्ही कप घेऊन स्वतःच खाली उतरली. उदयसिंह होते, धोंडुबाई जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिनं दोघांना सांगून टाकलं. ते मागून येणार नाहीत. दीड वर्षापूर्वीच गेले, आष्ट्याजवळ.

उदयसिंह मटकन खाली बसले. धोंडुबाई बसलेलीच होती.

"मला वाटलंच हुतं," ती म्हणाली. "जित्या माणसाला दार ढकलाया येतं."

मग उदयसिंहांनी त्या दिवसाचं सांगितलं. साहेब दुपार कलल्यावर निघाले. तासाभरानं ह्याच काळ्या फोनवर त्यांचा फोन आला. टेबलावर पुडी राहिली, आष्ट्याला पोचलोय, वळतोय, तोवर खोलीचा केर काढू नका, म्हणाले. उदयसिंहांनी सुचवलं होतं की परत कशाला येता, साताऱ्याच्या एस.टी.त कंडक्टरच्या हाती देतो. त्यावर साहेब हसले होते.

"म्हणालं, आमच्या मालकिणीचं भडंग हाय ते. पुडी न्हाई नेली तर दारातनं आत घेणार न्हाई मला."

मग ते आलेच नाहीत. फोन लागेना. कंपनीनं बदली केली असेल, असं वाटलं. खोली मात्र धोंडुबाईनं झाडू दिली नाही, आणि त्या मजल्यावर उतरलेलं गिऱ्हाईक संध्याकाळनंतर खोली बदलून मागायला लागलं.

नीलिमा वर गेली. तिनं सुतळीची गाठ सोडली आणि पुडी नाकाशी नेली. शेंगदाणे, कढीपत्ता, मेतकुटासारखा खमंग वास. लसूण नव्हता. सांगलीचं भडंग आणि लसूण नाही, असं होत नाही. पण नीलिमाला लसणाचं वावडं होतं, तोंड येऊन सुजायचं. तिच्यासाठी जयराज सकाळी दुकानात सांगून यायचे आणि दुपारी जाऊन बिनलसणाचं वेगळं परतून घेऊन यायचे. दोनदा बाजारात जायचे ते ह्यासाठी. सांगलीत जी कोणी होती म्हणत होते, ती ही होती, इथं धुळीत उभी.

तिनं चिमूटभर तोंडात टाकलं. दीड वर्षाचं भडंग दाताखाली कुरकुरलं. कढई उतरून अर्धा तासही झाला नसावा, इतकं ते ताजं होतं.

तिनं घाईघाईनं पुडी पुन्हा बांधली. आणि मग ती पलंगाच्या त्याच चुरगळलेल्या बाजूला बसली आणि रडली. दीड वर्षाचं अडलेलं सगळं बाहेर आलं. बिचारा माणूस, रोज संध्याकाळी दारापर्यंत येतो, पुडी आत असते आणि त्याला आत येता येत नाही. रिकाम्या हातानं घरी जायचं नाही म्हणून पुन्हा वळतो. आणि आपण दीड वर्ष काय काय मनात आणलं!

६

दुसऱ्या संध्याकाळी ती खुर्चीत बसली नाही. दिवे लागायच्या आधीच पुडी हातात घेऊन दाराशी उभी राहिली. तिला भीती वाटत होती. नवरा असला म्हणून काय झालं, भीती ती भीतीच.

जिन्यावर पाऊल वाजलं. वळणावर थांबलं, खाकरलं. बोळातून आलं. फटीतला उजेड दोन ठिकाणी तुटला, आणि ह्या खेपेला नीलिमानं खाली बघितलं. तपकिरी बुटाचं टोक फटीपाशी आलं होतं. पॉलिश लख्ख होतं, आणि कडेला उसाच्या रानातली काळी माती ओली होती.

तिनं कडी काढली. दार हातभर उघडलं. मान वळवून भिंतीकडं बघत तिनं पुडीचा हात बाहेर काढला.

"अहो, घ्या. आता परत वळू नका. सरळ घरी जा."

बराच वेळ काही झालं नाही. मग हातातलं वजन गेलं. ओढून नेलं नाही. बायकोच्या हातून घ्यावं तसं सावकाश घेतलं. घेताना एक अंगठा तिच्या मनगटाला लागला. तो गार असता तर तिला बरं वाटलं असतं. तो ऊबदार होता.

कागद खळखळला. पावलं निघाली, आणि आज ती थकलेली नव्हती. डावा पाय तसाच ओढत होता, पण घाईनं, रजा मंजूर झाल्यावर जयराज स्टेशनवरून यायचे तसा. जिना संपला. खाली दारापाशीचा गलका जराही कमी झाला नाही, म्हणजे कुणाला काही दिसलं नसावं.

धोंडुबाई बोळाच्या टोकाला होती. तिच्या हातात केरसुणी होती.

"गेलं?"

"गेले."

"काढू का केर?"

"थांबा मावशी," नीलिमा म्हणाली. "लगेच नको. पोचू देत आधी."

७

दोघी उंबऱ्यावर बसल्या. नीलिमा मनातल्या मनात रस्ता चालत होती. आता आष्टा गेलं असेल. ट्रॉली असेल का उभी? असली तरी आता काय होणार आहे, आणि तरी तिचा जीव वरखाली झाला. मग पेठनाका, मग हमरस्ता, कराड, उंब्रज. धोंडुबाईनं खालून आमटी-भाकरी आणली. दोघींनी तिथंच बसून खाल्ली. धोंडुबाई तिच्या नातवाचं काहीबाही सांगत होती आणि नीलिमा ऐकत होती. किती दिवसांनी तिला असं हलकं वाटत होतं. उद्या वीरधवलला फोन करून सांगायचं, तिनं ठरवलं, की तुझा दादा कशापायी वळला होता ते ऐक.

पेठेतली शेवटची शटरं पडत होती तेव्हा खाली काळा फोन वाजला. एकदाच. उदयसिंहांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. दुसरी रिंग झाली नाही.

धोंडुबाई उठली, पदर खोचला आणि खोलीच्या पार आतल्या कोपऱ्यापासून झाडायला लागली. खरं तर दिवा लागल्यावर कुणी केर काढत नाही, पण दीड वर्षाचा केर होता आणि त्याला आता थांबायचं कारण उरलं नव्हतं. नीलिमा तो आवाज ऐकत बसली. ह्या खेपेला तो तिला सोसवत होता. पोचले, ती मनाशी म्हणाली. पोचले एकदाचे.

आणि मग तिचा हात पर्सकडं गेला.

घराच्या दोन्ही किल्ल्या आत होत्या. एक तिची, आणि दुसरी जयराजची, आष्ट्याहून त्यांच्या सामानाबरोबर आलेली. शिवांजली पुण्यात होती. कुलूप तिनं स्वतः घातलं होतं आणि दोनदा ओढून बघितलं होतं. दारातनं आत घेणार न्हाई मला, असं ते हसून म्हणाले होते. आता पुडी घेऊन ते दारात उभे असतील, आणि त्यांना दार ढकलता येत नव्हतं.

नीलिमा उठली. तिनं तिथल्या तिथं चपला घातल्या.

"मावशी, साताऱ्याची गाडी मिळंल का आता?"

"सकाळच्याला जावा वैनी," धोंडुबाई पाठमोरीच म्हणाली.

"नाही. दार उघडायला कुणी नाही घरात."

तिनं पिशवी उचलली. मागं वळून बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं आणि बघितलंही नाही. पण माणूस निघालं की धोंडुबाई झाडायची थांबेल असं तिला वाटलं होतं, धोंडुबाईला तरी ती रीत सांगायला नको होती. ती बोळ ओलांडून जिना उतरायला लागली, तरी मागं केरसुणीचा आवाज चालूच होता.